बाकी चालू

माझ्या थोरल्या बहिणीनं नोकरीच्या अर्जासाठी जो कागद लिहून आणला, त्याची पहिली ओळ होती, 'डाव्या कानानं कमी ऐकू येतं.'

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओळ तीच होती.

तुम्ही मला ओळखत नसाल तर सांगतो. मी शशिकांत बुगड. इचलकरंजीत एसटी स्टँडसमोर 'बुगड टायपिंग, झेरॉक्स व बायोडाटा' हे दुकान माझं. पंचवीस वर्षं लोकांचे बायोडाटे लिहितोय. आता लिहिणारी यंत्रं घरोघरी आली, खिशाखिशात आली, तरी लोक माझ्याकडं येतात. का, तर यंत्राला सांगायला बसलं की माणसाला काही सुचत नाही आणि माझ्याकडं आलं की काही सांगावंच लागत नाही. नाव आणि शिक्षण द्या, चहा प्या, बायोडाटा तयार. माझं एक वाक्य गावभर प्रसिद्ध होतं. ते पुढं येईलच.

तर कागद आक्कानं लिहिला होता. आक्का म्हणजे विमल हावळ, वय वर्षं एकावन्न. अठ्ठावीस वर्षं तिनं यंत्रमाग चालवला. तिच्या वेळी बायका फक्त सुताच्या कांड्या भरायच्या, मागावर गडी उभे राहायचे. आक्कानं एक दिवस मागच हातात घेतला आणि चार मागांवर उभी राहिली ती शेवटपर्यंत. गेल्या वर्षी मालकानं शेड बंद केली. माग भंगारात गेले. ट्रक भरताना आक्का तिथं उभी होती, आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

आणि मग गावाबाहेर 'धमनी'चा कारखाना आला. तिथं कापड विणत नाहीत, माणसाच्या रक्तवाहिन्या विणतात. खोटं नाही सांगत. केसापेक्षा बारीक धाग्याची नळी विणायची, बोरूएवढी जाड. डॉक्टर ती हृदयाजवळ शिवतात, हळूहळू शरीराच्या पेशी त्या विणीवर चढतात आणि वर्षभरात ती नळी त्या माणसाचीच होऊन जाते. विणीत एक धागा चुकला तर पेशी तिथं चढत नाहीत. झालेली चूक कॅमेऱ्याला दिसते, पण होऊ घातलेली दिसत नाही. म्हणून त्यांना मागाजवळ उभी राहणारी माणसं हवी होती. जागा बारा आणि अर्ज चार हजार.

"मला ती जागा पायजे, शशा," आक्का म्हणाली. "पगार किती हाय ते मी वाचलं पण न्हाई. मला माग पायजे."

मी तिचा कागद पुढं वाचला.

'डाव्या कानानं कमी ऐकू येतं. म्हणून मागाकडं उजवी बाजू करून उभी राहते. उजवा गुडघा जिना चढताना धरतो. जवळचा चष्मा आहे. एकदम दोन मागांवर धागा तुटला तर आधी जुन्या मागाकडं जाते, हे चुकतं, पण पाय तिकडंच जातो. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरनं माझं ऐकलं नाही तर तोंड फिरवते. अर्ध्या तासानं परत बोलते. चार वाजता चहा लागतो, नाही मिळाला तर चिडते. शिकवताना तोंडानं सांगता येत नाही, हात धरून दाखवते. बाकी चालू.'

"आक्का," मी म्हणालो, "हा नोकरीचा अर्ज आहे का दवाखान्याचा?"

"पाळी सोपवताना आसंच सांगत्यात," ती म्हणाली.

आता हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. मागाच्या शेडमध्ये इतका खडखडाट असतो, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. पाळी बदलताना माग थांबवत नाहीत. जाणारा माणूस खडूनं मागाशेजारच्या पाटीवर लिहितो, येणारा वाचतो. आणि लिहायचं काय, तर फक्त बिघडलेलं. दोन नंबरची पट्टी सैल, तीन नंबरचा धोटा (आडवा धागा घेऊन पळतो तो) अडकतो. चांगलं चाललंय ते कुणी लिहीत नाही, त्याला वेळही नसतो. शेवटी 'बाकी चालू' लिहायचं आणि घरी जायचं. आक्कानं अठ्ठावीस वर्षं हेच लिहिलं. स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवायची वेळ आली तेव्हाही तिनं तेच केलं.

"बरं बरं, पाठवतो," मी म्हणालो. ती गेली आणि मी तो कागद खणात टाकला. तिची लाज मला राखायची होती, देवाशपथ. मग मी माझं गावभर प्रसिद्ध वाक्य टाईप केलं, 'प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू असून दिलेली जबाबदारी वेळेत व चोखपणे पार पाडण्याची तयारी आहे.' खाली अनुभव, वर फोटो. पाठवलं.

अकरा सेकंदांत उत्तर आलं. 'अर्ज पुढे पाठवता येत नाही. नवीन माहिती आढळली नाही.'

हे उत्तर माणसानं दिलं नव्हतं. अलीकडं सगळ्या मोठ्या कारखान्यांत अर्ज आधी एक यंत्र वाचतं. त्याचं नाव 'पारख'. ते चाळून देईल तेवढेच अर्ज माणसाच्या टेबलावर जातात. एका जागेसाठी एका माणसाला तीनच वेळा अर्ज करता येतो, म्हणजे आता दोन उरले.

मला वाटलं, माझं मराठी यंत्राला साधं वाटलं असणार. दुसऱ्या वेळी मी लिहिणाऱ्या यंत्राची मदत घेतली. 'वस्त्रनिर्मिती क्षेत्रातील अठ्ठावीस वर्षांच्या समृद्ध अनुभवाच्या बळावर संस्थेच्या प्रगतीत मोलाचे योगदान देण्यास उत्सुक.' वाचताना मलाच उठून उभं राहावंसं वाटलं.

या वेळी नऊ सेकंद लागले. म्हणजे पारखला आता माझी सवय झाली होती. उत्तर तेच, 'नवीन माहिती आढळली नाही.'

उत्तराची प्रत आक्काच्या फोनवरही जाते, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. ती दुपारी दुकानात आली. बाकावर बसली. फोन माझ्यासमोर धरला.

"शशा, अठ्ठावीस वर्षं झाली आणि ह्यात माहितीच न्हाई म्हणतंय."

"अगं, ते यंत्र आहे, त्याला काय कळतंय."

"मी सगळं खरं लिवलं हुतं की. एक बी गोष्ट लपवली न्हवती." तिनं फोन पालथा ठेवला. "म्हणजे मीच तेवढी आसन. भंगारात गेलेल्या त्या मागांगत."

तेव्हाच मी तोंड उघडायला पाहिजे होतं. खण माझ्या गुडघ्याला लागत होता आणि त्यात तिचा कागद होता. पण मी म्हणालो, "चहा घेतेस का?" ती नको म्हणाली. आक्का चहाला नको म्हणाली हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

चार दिवसांनी दाजी, म्हणजे आक्काचे मालक, रस्त्यात भेटले. हा माणूस महिन्यातून तीन वाक्यं बोलतो. त्यातलं एक त्यांनी माझ्यासाठी खर्च केलं. "शशिकांत, तुझी बहीण हल्ली कुकरच्या शिट्टीला पण उठत न्हाई."

मला जेवण गेलं नाही. रागही आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून मी तो पारखवर काढायचं ठरवलं. शुक्रवारी धमनीच्या लोकांनी नाट्यगृहात अर्जदारांसाठी सभा ठेवली होती. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. स्टेजवर डॉक्टर यास्मिन मुजावर होत्या. बाई मूळच्या हुपरीच्या, विणीवर संशोधन केलेल्या, आणि पारखला या कारखान्यासाठी शिकवण्याचं कामही त्यांनीच केलेलं. 'प्रश्न?' म्हटल्याबरोबर मी उठलो.

"तुमचं यंत्र मराठी माणसाची चेष्टा करतं," मी म्हणालो. "अठ्ठावीस वर्षांच्या कामगाराला म्हणतं, नवीन माहिती नाही."

"अर्जात काय लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी घसा साफ केला. "प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू असून..."

आणि मागून अख्ख्या नाट्यगृहानं एका सुरात म्हटलं, "दिलेली जबाबदारी वेळेत व चोखपणे पार पाडण्याची तयारी आहे."

सातशे माणसं. निम्म्यांचे बायोडाटे मीच लिहिलेले, उरलेल्यांनी त्यांचे बघून उतरवलेले. हशा एवढा झाला की पंख्यावरची कबुतरं उडाली. डॉक्टर मुजावरही हसत होत्या, पण त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"यांना हसू नका," त्या म्हणाल्या. "आत्ता तुम्ही जे केलंत तेच पारख करते. ती वाचता वाचता पुढचा शब्द ओळखायचा प्रयत्न करते. मी म्हटलं 'सूर्य पूर्वेला', तर पुढचं तुम्हीच सांगाल. मग ते माझ्याकडून ऐकून तुम्हाला नवीन काय कळलं? काहीच नाही. माहिती म्हणजे जे आधी ओळखता येत नाही ते. हे गणित शंभर वर्षं जुनं आहे, फोनच्या तारांसाठी काढलेलं. पूर्वीची यंत्रं ठरावीक शब्द शोधायची, म्हणून सगळे तेच शब्द लिहायला लागले. मग लिहिणारी यंत्रं आली आणि चार हजार अर्ज एकाच माणसाचे वाटायला लागले. म्हणून पारख उलटी चालते. जे ओळखता येतं ते ती सोडून देते. उरेल तो माणूस."

"मग काहीही विचित्र लिहावं," मी म्हणालो. "मी हत्तीवर बसून माग चालवतो, असं."

"लोकांनी लिहिलंय ते पण. म्हणून पारख दुसरी गोष्ट बघते. खऱ्या गोष्टी एकमेकींना धरून असतात. हत्तीवर बसणाऱ्याला ती विचारते, मग खालचा धागा कसा जोडता? तिथं तो अडकतो. खरं सांगणाऱ्याला एक प्रश्न विचारला की दहा गोष्टी आपोआप बाहेर येतात. ती एकच प्रश्न विचारते. पण आधी विचारण्यासारखं काहीतरी अर्जात असावं लागतं."

मी खाली बसलो. माझ्या डोळ्यांसमोर खणातला कागद आला. डावा कान, उजवा गुडघा, जुन्या मागाकडं जाणारा पाय. त्यातलं एक अक्षरही आधी ओळखता आलं नसतं. अर्ज तिचा पहिल्यापासून बरोबर होता आणि दोन्ही वेळा तिला नापास मी केलं होतं. घरी जाताना मला इतकी लाज वाटत होती, की ओळखीचं कुणी दिसलं तर मी दुकानांच्या पाट्या वाचायचो.

मुदत शनिवारी संध्याकाळी पाचला संपत होती. धीर करून शनिवारी दुपारी आक्काच्या दारात गेलो. ती अंगणात तांदूळ निवडत बसलेली. मी बोलायला तोंड उघडलं, आणि पंचवीस वर्षं लोकांसाठी वाक्यं बनवणाऱ्या माणसाला एक वाक्य बनेना. शेवटी खिशातून खडू काढला आणि तिच्या अंगणातल्या फरशीवर लिहिलं,

'शशा. तुझा कागद दोन्ही वेळा बदलला. तुला सांगितलं नाही. लोक हसतील अशी भीती वाटली. खणात आहे. बाकी चालू.'

आक्कानं चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं. मग पुढं होऊन तळव्यानं 'बाकी चालू' तेवढं पुसून टाकलं.

"बाकी चालू हाय का न्हाई ते मी बघून ठरवते," ती म्हणाली.

मी खडू खिशात घातला.

"आमच्या शेडात एकदा एकानं सांगितलं न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागलं. "धोटा मारायच्या पट्टीला चीर गेलेली. मालक बोलंल म्हणून पाटीवर लिवलं न्हाई. पुढच्या पाळीला धोटा उडाला आणि गड्याचा डोळा गेला. बिघडलेलं कुणाचं पण आसतंय, शशा. ते लपवायचं न्हाई, एवढंच आसतंय."

"चुकलं माझं, आक्का."

"मला वाटत हुतं, खरं सांगून सुद्धा मी कुणाला नको हाय." तिनं सूप बाजूला ठेवलं. "आठ दिवस मी ह्या इचारात काढलं. आणि तुझ्या खणात कागद."

मला रडू आलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसानं अंगणात उभं राहून रडू नये, पण आलं. आक्कानं मला बसू दिलं, पाणी दिलं, आणि मग विचारलं, "मग आता कितीदा पाठवता येतंय?"

"एकदाच."

"मग ऊठ की. रडत काय बसलाईस."

दुपारी चारच्या आत आम्ही दुकानात. मी कागद खणातून काढला आणि अक्षर न अक्षर तसंच टाईप केलं. बोटं सवयीनं दोनदा 'प्रामाणिक'कडं वळली, मी ती मागं घेतली. आक्का शेजारी उभी राहून बघत होती, आणि आता तिला माझ्यावर नजर ठेवायचा पूर्ण हक्क होता. तिनंच बटण दाबलं.

अकरा सेकंद गेले. वीस गेले. एक मिनिट गेलं. मग स्पीकरमधून एक शांत बाईचा आवाज आला.

"विमलताई, तुम्ही 'बाकी चालू' असं लिहिलंय. बाकीमध्ये काय काय आहे?"

आक्का दचकली नाही. तिनं स्टूल ओढलं, फिरवलं, आणि स्पीकरकडं उजवी बाजू करून बसली.

"बाकी व्हय," ती म्हणाली. "बाकीत तसं बरंच हाय. धागा तुटायच्या आधी मागाचा आवाज बदलतो. चपलंत खडा गेलेला माणूस कसा एक पाऊल येगळं टाकतो, तसा. तवा माग थांबवायचा, तुटल्यावर न्हवं. सकाळी धाच्या पुढं हवा कोरडी पडती आणि उभं धागं तुटायला लागत्यात, म्हणून मी साडेनऊलाच खाली पाणी मारायची. मालक म्हणायचा, फरशी कशाला धुतीस? मी म्हणायची, धाग्याला तहान लागती. नवीन माग आपलं आपण सांगतोय, जुन्याला सांगता येत न्हाई, म्हणून पाय आधी जुन्याकडं जातोय. आणि जाताना मी कांड्या डाव्या हाताला ठेवून जायची. रातपाळीचा इरण्णा डावरा हाय. त्यानं कधी सांगितलं न्हाई, पण खडूची अक्षरं उलट्या बाजूला पुसल्याली आसायची, त्यावरनं कळलं."

ती बोलत होती आणि मी खुर्चीला खिळून बसलो होतो. एकाच घरात वाढलो आम्ही. मी अख्ख्या गावाचे बायोडाटे लिहिले, आणि माझ्या बहिणीबद्दल यातलं एक वाक्य मला माहीत नव्हतं. चार मिनिटं ती बोलली, मग थांबली.

"आजून सांगू?" तिनं विचारलं.

"पुरे," स्पीकर म्हणाला. "आभारी आहे."

पडद्यावर उत्तर आलं. मी ते छापून फ्रेम करून दुकानात लावलंय, त्यामुळं शब्दही चुकणार नाही. 'अर्ज मुलाखतीसाठी पुढे पाठवला आहे. मुलाखत घेणाऱ्यांसाठी सूचना: उमेदवाराच्या उजव्या बाजूला बसावे. मुलाखत तळमजल्यावर घ्यावी. चार वाजता चहा द्यावा.'

आक्कानं ते दोनदा वाचलं. मग घड्याळाकडं बघितलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"शशा," ती म्हणाली, "यंत्राला कळलं. तुला कळंना व्हय?"

मी धावत जाऊन चहा आणला. दोन कप तिनंच प्यायले.

मुलाखतीचं फार सांगत नाही. डॉक्टर मुजावर उजवीकडं बसल्या. त्यांनी तिला सहा माग दाखवले आणि विचारलं, यातला कुठला बरा नाही? आक्कानं दुसऱ्यावर हात ठेवला. त्याच्यावरचे सगळे दिवे हिरवे होते. उघडून बघितला तर आत एक चाक झिजायला लागलेलं. ती लागली.

माझ्या दुकानाचे मात्र तीनतेरा वाजले. नाट्यगृहातल्या त्या कोरसनंतर माझं वाक्य गावात चेष्टेचा विषय झालं होतं. पोरं मला बघून 'होतकरू' म्हणायची. मग मी पद्धतच बदलली. आता कुणी बायोडाट्याला आलं की मी टाईप करत नाही. पाटी आणि खडू पुढं सरकवतो आणि म्हणतो, काय बिघडलंय ते लिहा. लोक आधी बिचकतात. मग लिहायला लागतात. एक नर्सबाई लिहून गेली, 'इंजेक्शन देताना पेशंटऐवजी मीच डोळे मिटते, सुई टोचून झाल्यावर.' एका ड्रायव्हरनं लिहिलं, 'वळणावर गाणं म्हणतो.' आता एकेका बायोडाट्याला दोन तास लागतात, आणि एवढी मजा मला पंचवीस वर्षांत आली नव्हती. जेवायला घरी जायचंही भान राहत नाही.

या नव्या पद्धतीचं पहिलं गिऱ्हाईक एक दांडगा, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. धमनीत दुपारपाळीची जागा निघाली होती, त्यासाठी आलेला. त्यानं खडू डाव्या हातात घेतला तेव्हाच मला शंका आली. नाव विचारलं.

"इरण्णा मगदूम."

मी आक्काला काही सांगितलं नाही. आता तुम्ही म्हणाल, हा परत लपवायला लागला. पण लपवायचं नाही ते बिघडलेलं, आणि हे बिघडलेलं नव्हतं.

आक्काच्या नोकरीला महिना होत आला तेव्हा इरण्णाची पहिली पाळी आली. मी आक्काला डबा द्यायचं निमित्त काढून कारखान्यात गेलो. विणकामाच्या दालनाला काचेची भिंत आहे. बाहेर उभं राहून बघता येतं, आणि एका छोट्या स्पीकरवरून आतलं ऐकूही येतं. डॉक्टर मुजावर माझ्या शेजारी येऊन थांबल्या. आत बारा माग चालले होते आणि आवाज म्हणाल तर पंख्याएवढा. ते माग चुंबकावर चालतात, धोटा नाहीच. पांढऱ्या टोपीतली आक्का उजवी बाजू मागाकडं करून उभी होती. तिच्यासमोर कुणाच्या तरी काळजाची नळी इंच इंच विणली जात होती.

"पहिल्या आठवड्यात खडू मागितला त्यांनी," डॉक्टर म्हणाल्या. "आत धूळ चालत नाही, म्हणून बिनधुळीची पेन्सिल बनवून घेतली. आता सगळ्या पाळ्या पाटीवर लिहितात."

तीन वाजले. पलीकडचं दार उघडलं आणि पांढऱ्या मिशा टोपीच्या पट्टीत कोंबून इरण्णा आत आला.

आक्का पाटीवर लिहीत होती. तिनं मान वर केली. पेन्सिल थांबली.

एकोणीस वर्षं या दोघांनी एकमेकांना माग सोपवले होते. तिला घरी स्वयंपाकाची घाई, त्याला मागाची, आणि मध्ये तो खडखडाट. बाहेर कधी दिसलेच तर लांबून मान हलवायची. एकमेकांचं अक्षर ते अंधारात ओळखतील, पण दोघांनी एकमेकांचा आवाज कधी ऐकला नव्हता.

"इरण्णा," आक्का ओरडली. ओरडलीच, कारण माग चालू असताना माणसाशी असंच बोलायचं असतं, हे तिच्या अंगात भिनलेलं. दालनातल्या सगळ्यांनी वळून बघितलं.

"बाई," इरण्णाही ओरडला. एवढ्या दांडग्या माणसाचा आवाज इतका बारीक निघाला, की आक्का आधी थक्क झाली आणि मग खो खो हसायला लागली. तोही हसायला लागला. इकडं काचेमागं डॉक्टर हसत होत्या आणि मी डबा छातीशी धरून डोळे पुसत होतो.

हसू ओसरलं. मग आक्कानं पाटी उचलून त्याच्यापुढं धरली. इरण्णानं ती वाचली नाही. पाटी हळूच खाली केली, तिच्या डावीकडून निघाला, वळसा घालून उजवीकडं येऊन उभा राहिला.

"वाचलंय की मी पुष्कळ," तो म्हणाला, आता हळू. "आज तोंडानं सांगा, बाई. काय काय बिघडलंय?"

"चार नंबर जरा कुरकुरतोय," आक्का म्हणाली. "माझा गुडघा धरलाय."

"आणि?"

आक्कानं बारा मागांवरून एकदा नजर फिरवली.

"बाकी चालू," ती म्हणाली.